पवित्र देश, व्हाया राधानगरी

ख्रिस्ती मंडळींना इस्राएलला न्यायचं काम एका लिंगायताच्या हातात गेलं कसं, असं सत्त्याण्णव साली कोल्हापुरात ज्यानं त्यानं विचारून घेतलं. शशिधर हुक्केरींचं उत्तर ठरलेलं असायचं. "का हो? ड्रायव्हर मुसलमान असला म्हणून बस काय श्रीशैलला जायची थांबती?" यावर विचारणारा हसून वाटेला लागायचा. शशिधरराव मात्र रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपली की मनाशी म्हणायचे, बाबा रे, हे आपण काय अंगावर घेतलंय!

शिवाजी पेठेत, तालमीला लागून, त्यांची 'हुक्केरी टूर्स' नावाची एक खोली होती. श्रीशैल, कूडलसंगम, काशी, रामेश्वर. नेलेला माणूस धडधाकट परत आणायचा, एवढ्यावर त्यांचं नाव होतं, आणि त्या नावाला ते फार जपत. एके दिवशी त्या खोलीत चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, रेव्हरंड शांतवन देवकुळे आले. उंच, सडपातळ, बोलायच्या आधी थोडं थांबणारा माणूस. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हुक्केरी, तीस वर्षं मी व्यासपीठावरून यार्देन नदीविषयी बोलतोय. गालीलच्या तळ्याविषयी बोलतोय. पाहिलेलं काही नाही. मेअखेर मी रिटायर होतो. त्याआधी एकदा नेऊन आणाल का?"

आता असं कुणी विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? शशिधरराव हो म्हणून बसले.

मुंबईच्या एजंटानं सांगितलं, धार्मिक ग्रुपची एक रीत असते. पंधरा माणसं जमली की मंडळीच्या पुढाऱ्याची एक जागा फुकट. शशिधररावांनी ही आनंदाची बातमी रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात मोठ्या तोंडानं जाहीर केली. हे त्यांनी करायला नको होतं. दुसऱ्या दिवशी नावं द्यायला माणसं आली आणि शशिधररावांचे डोळेच पांढरे झाले. आलेला प्रत्येक जण पुढारी होता. शमुवेल मास्तर संडे स्कूलचे पुढारी. शालूबाई महिला मंडळाच्या पुढारी. एक गायनमंडळाचा, एक तरुण संघाचा, आणि या तरुणाला दोन नातवंडं होती. एक गृहस्थ चर्चची घंटा वाजवायचे. त्यांचं म्हणणं, "मी टोल दिला न्हाय तर बाकीचं पुढारी गोळा तरी हुतील काय?" पुढारी सोळा, मंडळी शून्य.

कोल्हापुरात दोन माणसं एका पदाला उभी राहिली की पॅनेल पडतं, मग ते पद साखर कारखान्याचं असो की इस्राएलच्या फुकट खुर्चीचं. इथंही दोन पॅनेलं पडली. शेवटी शालूबाईच उठल्या. या बाई मिशनच्या दवाखान्यात मेट्रन होत्या. त्यांचा आवाज चढला की प्लास्टरमधला पेशंटसुद्धा उठून उभा राहायचा म्हणतात. "पाळकसाहेबांस्नी फुकट जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "बाकीच्यांनी गपगुमान पैसे टाकायचं आन् तोंड बंद ठेवायचं. मी पयला टाकतो." विषय मिटला. एजंटानं फक्त एक बारीक कलम सांगून ठेवलं, की ही फुकट जागा त्या वेळी जो पाळक असेल त्याची. म्हणजे देवकुळेसाहेबांना जायचं तर आत्ताच. मेनंतर ती जागा नव्या पाळकाची.

मग पासपोर्ट. शालूबाईंचा बाप्तिस्मा सलोमी नावानं झालेला, शाळेच्या दाखल्यावर त्या शालन, आणि रेशनकार्डावर शालूबाई. कारकुनानं तिन्ही कागद पुढं ठेवून विचारलं, "नावं तीन, आणि बाई एकच? हे कसं काय?" पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "तिघांत एक, हे आमच्या मंडळींना नवीन नाही." कारकुनाला कळलं नाही, पण शिक्का बसला. घरी चौकशीला आलेल्या हवालदारानं "इस्राएल म्हंजे कुठला तालुका?" असं विचारलं, त्याला चहा पाजून वाटेला लावलं. येणारा-जाणारा सल्ले देत होताच. त्यात शेजारचा सयाजी पुढं. सयाजी म्हणजे तालमीचा कारभारी, फुटबॉलच्या मॅचला लाऊडस्पीकरशिवाय ऐकू जाणारा माणूस. "आण्णा, तिकडं नुस्ता पाव असतोय म्हनं. माणशी किलोभर कांदालसूण चटणी न्या. आन् लढाईबिढाई लागली तर खाली पडून ऱ्हावा, उठू नगासा." बावीस जण तयार झाले, तिकिटं आली, व्हिसा आला, आणि शशिधररावांनी तारीख बघितली.

विमान गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी होतं.

पाडव्याच्या आदला दिवस म्हणजे अमावास्या, हे काय सांगायला लागतंय! तरी शालूबाई मुद्दाम सांगायला आल्या. ऑफिसात दुसरं कुणी नाही असं बघून आल्या आणि दाराकडं पाठ करून म्हणाल्या, "हुक्केरी, त्या दिवशी अमावास्या हाय. मी मानत न्हाय. पण हाय."

"पाळकसाहेब काय म्हणतील?"

"त्यांस्नी कशाला सांगतासा? तुमचं तुम्ही काय ते बघा की."

खरं तर बसवण्णांनी मुहूर्त नि ग्रहांची भीती मोडीत काढल्याला आठशे वर्षं झाली. ख्रिस्ती मंडळींच्या शास्त्रातही अमावास्येला कुणी विचारत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंचा धर्म स्वच्छ होता. अडचण एवढीच होती की दोन्ही बाजूंच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर होतं. शशिधररावांची पत्नी महादेवी. त्यांनी तोड काढली, "अहो, प्रस्थान ठेवा की!"

प्रस्थान ठेवणं म्हणजे साधी गोष्ट. निघायचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या वेळेला आपलं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण त्या वेळेलाच निघालो असा हिशेब होतो, आणि मागाहून येणाऱ्या अमावास्येला आपल्याला अडवायचा अधिकार राहत नाही. फक्त ते सामान परत घरात आणायचं नाही आणि उघडूनही बघायचं नाही, जाताना वाटेत उचलायचं. बावीस माणसांचं सामान कुठं नेऊन ठेवणार? शशिधररावांनी विचार केला, सामानाचा जीव कशात असतो? पासपोर्टात. त्यांनी बावीस जणांचे आणि स्वतःचा असे तेवीस पासपोर्ट, तिकिटं, सगळे कागद एका पिशवीत घातले आणि शुक्रवारच्या चांगल्या वेळेला समोरच्या झुंबरबाईंच्या घरी कॉटखाली नेऊन ठेवले.

ती पिशवी निळ्या रेक्झिनची होती. 'हुक्केरी टूर्स' अशी पांढरी अक्षरं. टूरच्या प्रत्येक माणसाला तसली एक भेट दिली होती. झुंबरबाईंनी ती बघितली आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमचं सामान संभाळायचं मी, आन् पिशवी दुसऱ्यास्नी व्हय?" शशिधररावांनी त्यांनाही एक दिली. दिलदारपणाचा झटका आला की माणसानं जरा वेळ खाली बसावं, हे त्यांना तेव्हा सुचलं नाही.

निघायच्या दिवशी सयाजीनं तालमीची हलगी आणली. बँड आला. बावीस जणांना फेटे, बावीस जणांना हार. पाळकसाहेब "अहो, हे कशाला," म्हणेपर्यंत त्यांच्या गळ्यात चार हार पडले होते. शालूबाईंच्या जावा खिडकीतून बघत होत्या म्हणून शालूबाई मुद्दाम सावकाश चालत होत्या. त्या गोंधळात महादेवी समोर पळाल्या. झुंबरबाईही निघायच्या घाईत. त्यांची लेक मुरगूडला बाळंत व्हायची होती, पाडवा तिकडंच करून आठवडाभर राहायचं होतं. त्यांनी कॉटखालून एक निळी पिशवी ओढून महादेवींच्या हातात दिली आणि दुसरी स्वतःच्या काखोटीला मारली. महादेवींनी पिशवी उघडून बघितली नाही. प्रस्थानाची पिशवी उघडून कोण बघतं?

सहार विमानतळावर बावीस माणसं रांगेत उभी राहिली. शशिधररावांनी पिशवीची चेन ओढली.

आत सांडगी मिरच्या होत्या. त्याखाली कुरडया. त्याखाली तुपाचा डबा, डिंकाचे लाडू आणि बाळाची दोन टोपरी.

शशिधरराव खालीच बसले. त्यांनी चेन लावली, परत उघडली. दुसऱ्यांदाही टोपरीच होती. जन्मात त्यांच्या तोंडून कधी किंकाळी निघाली नव्हती, ती निघाली, आणि परदेशी निघालेली माणसं वळून वळून बघायला लागली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पासपोर्ट प्लीज." शमुवेल मास्तर मागून म्हणाले, "हुक्केरी, लवकर द्या हो, पाठीमागं लोक खोळंबलेत."

ते धावत एसटीडी बूथवर गेले आणि घरी फोन लावला. फोन उचलला सयाजीनं. घरासमोर गुढीची तयारी आणि मांडवाचं मोजमाप एकदमच चाललं होतं.

"कोन? आण्णा? अरे आण्णा बोलाय लागलेत रे! आण्णा, पोचला काय इस्राएलला? आवाज लई जवळनं येतोय की ओ!"

"सयाजी, झुंबरबाई... झुंबरबाई कुठायत?"

"त्या गेल्या मुरगूडला. इस्राएलात बसून झुंबरबाईची आठवण? आवं आण्णा, वैनी हितंच हाईत! आयका, तुम्ही येताय त्या दिवशी मावंदं घालतोय आमी. काशीवरनं आल्यावर गावजेवण घालत्यात तसलं. मांडव सांगितला, आचारी सांगितला. आन् आईनं बाटली धुऊन ठेवलीया. तिकडं नदी हाय न्हवं पवित्र? तिचं पाणी पायजे म्हनती. मंग सगळ्या गल्लीनंच बाटल्या धुतल्या. मोठा कॅन आना. पोचलासा न्हवं नीट?"

शशिधररावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. त्यांना खरं सांगायचं होतं. पण फोनमधून हलगी ऐकू येत होती. "पोच... पोचतोय," ते म्हणाले, आणि फोन ठेवला. आयुष्यातली त्यांची पहिली मोठी थाप ही अशी अर्धवट निघाली.

कोल्हापूरहून मुंबईला रात्र लागते, आणि विमान काही एसटी नव्हे की कंडक्टरला सांगून थांबवावं. ते उडालं. ग्रुपचं तिकीट, ग्रुपचा व्हिसा, चुकला तो चुकला. एजंट म्हणाला, "आता ऑक्टोबरात बघू." ऑक्टोबरात पाळक दुसरा असणार होता. शशिधररावांनी मान वर करून देवकुळेसाहेबांकडं बघितलं. ते आपल्या बॅगेवर बसले होते. चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तो माणूस नुसता एकदम म्हातारा दिसायला लागला होता.

"हुक्केरी," त्यांनी विचारलं, "पासपोर्ट त्या बाईंच्या घरी का होते?"

शशिधररावांनी सांगितलं. अमावास्या, प्रस्थान, सगळं. बावीस ख्रिस्ती माणसं आ वासून ऐकत राहिली. "ख्रिस्ताच्या देशाला जायचं, आणि अमावास्या बघून?" शमुवेल मास्तर ओरडले. "ही बुद्धी तुम्हाला दिली कुणी?" शशिधररावांनी शालूबाईंकडं बघितलं नाही. पोराबाळांची शपथ, अजिबात बघितलं नाही. पण शालूबाई मेट्रन होत्या, लपवालपवी त्यांना जमत नव्हती. "मी दिली," त्या म्हणाल्या. "आता काय फाशी देतासा?" यावर गायनमंडळाचे पुढारी खाली बघत पुटपुटले, की त्यांच्या बायकोनंही निघताना उंबऱ्यावर लिंबू ठेवलं होतं. मग हळूहळू आणखी चारपाच घरांतली लिंबं निघाली. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. तीस वर्षांच्या उपदेशाचं पीक त्यांच्यापुढं सहार विमानतळावर उभं होतं.

"चला घरी," ते म्हणाले.

"घरी?" शालूबाई कडाडल्या. "बँड लावून घालवलंय मला! जावांच्या पुढनं मिरवत आलोय मी. दोन दिवसांत ह्या तोंडानं परत जाऊ? मी जाणार न्हाय. माझ्या भावाची राधानगरीला भाताची गिरण हाय, माडी रिकामी हाय. टूरचं दिवस तिथं काढू." आणि काय सांगावं, पाळकसाहेब सोडून एकूणएक माणसाला हे पटलं. कोल्हापुरी माणूस एक वेळ उपाशी राहील, पण हार घालून घालवल्यावर आल्यापावली परत येणार नाही.

पाळकसाहेबांनी आपली बॅग उचलली. मग म्हणाले, "मी लपायला येणार नाही. प्रार्थनेला येतो. पण मला कुणी विचारलं, तर मी खरं सांगणार."

हे वाक्य शशिधररावांनी ऐकलं आणि त्यांची झोप उडाली ती उडालीच. म्हणजे आता त्यांचं काम एकच : पाळकसाहेबांना कुणी काही विचारू द्यायचं नाही.

राधानगरीत बसमधून उतरल्या उतरल्या गुंडू नावाचा दूधवाला समोर आला. "काय पावणं, कुठं निघालासा?"

"इस्राएलला निघालो होतो," पाळकसाहेब म्हणाले.

गुंडूनं दुधाची किटली खाली ठेवली आणि मनापासून काळजीनं सांगितलं, "मंग वाट चुकलासा बघा. ह्यो रस्ता फोंड्याला जातोय." पाळकसाहेब पुढचं सांगायच्या आत शशिधररावांनी त्यांना दंडाला धरून गिरणीत नेलं. त्यानंतर गुंडू रोज दूध घालायला यायचा आणि रोज "इस्राएलचं पावणं उठलं काय?" असं विचारायचा. ते इकडच्याच एखाद्या वाडीचं नाव असावं अशी त्याची समजूत झाली होती, आणि शशिधररावांनी ती मोडली नाही.

गिरणीच्या माडीवर कोंड्याचा वास, खाली पंगत. शशिधररावांनी यात्रा म्हणून सगळा शिधा शाकाहारी भरला होता. दोन दिवस मंडळींनी आमटीभात सोसला. तिसऱ्या दिवशी शमुवेल मास्तरांनी ताट बाजूला सारलं. "हुक्केरी, यात्रेत मटण खायचं नाही असं आमच्या कुठल्या शास्त्रात तुम्हाला सापडलं?" हा शशिधररावांना नवाच धक्का. यात्रा आणि मटण! त्यांनी आपली चूल वेगळी मांडली, खालच्या परड्यात बकरं पडलं, आणि तांबड्या रश्श्याचा वास माडीवर आला तेव्हा बावीस जणांच्या तोंडावर विमानतळानंतर पहिल्यांदा हसू दिसलं. सकाळी मात्र शशिधरराव कोपऱ्यात पूजेला बसले, की शालूबाई सगळ्यांना दटावायच्या, "गप बसा रे, तो माणूस देवाशी बोलतोय." हे त्यांना फार लागलं. इतकं सगळं घडवून ठेवलं आपण, आणि ही माणसं आपल्या पूजेला आवाज करत नाहीत!

मंडळींचं बाकी बरं चाललं होतं. भाताच्या पोत्यावर बसून प्रार्थना व्हायची, गाणी व्हायची. एका सकाळी पाळकसाहेब सगळ्यांना धरणाच्या काठावर घेऊन गेले. चैत्रात पाणी पार उतरलेलं, काठाला ओल्या चिखलाचा पट्टा, पलीकडं डोंगर. त्यांनी तळ्यावरच्या वादळाचा उतारा वाचला. वाचता वाचता थांबले. "माझी पहिली नेमणूक इकडची होती," ते म्हणाले. "तेव्हापासून गालील म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं हेच तळं येतं. मंडळींना मी तीस वर्षं हेच दाखवत आलो. वाटायचं, एकदा खरं बघावं. आपण चुकीचं तर सांगत नाही ना, तेवढं बघावं."

 शशिधररावांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. "साहेब, माझ्यामुळं तुमचं राहिलं," ते म्हणाले.

"राहिलं खरं," पाळकसाहेब म्हणाले. "वाईट वाटतं. नाही वाटत म्हटलं तर ते खोटं होईल." आणि शशिधररावांच्या पाठीवर हात ठेवला.

आता एवढं झाल्यावर माणसानं शहाणं व्हावं की नाही? पण परतायच्या सकाळी शशिधररावांना सयाजीचा मांडव दिसायला लागला. आचारी दिसायला लागला. गल्लीतल्या धुतलेल्या बाटल्या ओळीनं दिसायला लागल्या. नेलेला माणूस जागेवर पोचवतो, एवढंच तर आपलं नाव. ते गेलं तर उद्या श्रीशैलला तरी कोण येईल? त्यांनी इकडं तिकडं बघितलं, गिरणीतला मोठा कॅन उचलला, काठावर नेला आणि धरणात बुडवला. बुडबुडे थांबल्यावर मान वर केली, तर काठावर पाळकसाहेब उभे. त्यांनी कॅनकडं बघितलं, शशिधररावांकडं बघितलं, आणि बसकडं चालायला लागले.

शिवाजी पेठेत बँड उभाच होता. मांडवात खुर्च्या, फेटे, आणि पुढच्या रांगेत सयाजीची आई विठाबाई हातात बाटली घेऊन बसलेली. तिच्या मागं सगळी गल्ली, प्रत्येकाच्या हातात काचेचं किंवा प्लास्टिकचं काहीतरी. लोक पाळकसाहेबांच्या पाया पडायला धावले आणि ते पाय मागं घेत राहिले. "साहेब दमलेत, लांबचा प्रवास झालाय, त्यांना बोलायला लावू नका," असं ओरडत शशिधरराव त्यांच्या भोवती गिरक्या घेत होते. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. कॅन त्यांनी टेबलाखाली ढकलला. सयाजीनं तो ओढून टेबलावर ठेवला आणि त्यालाही हार घातला.

मग सयाजीनं माईक हातात घेतला. "तर मंडळी! आपल्या पेठेतनं पयल्यांदा येशूच्या देशाला जाऊन आलेली ही मानसं! पाळकसाहेब, सगळ्यांच्या वतीनं मीच इचारतो. कसा हाय ओ तो देश?"

विचारलं! सगळ्या पेठेच्या देखत, माईकवरून विचारलं!  शशिधररावांनी टेबलाची कड धरली.

पाळकसाहेब माईकपुढं आले, नेहमीसारखे जरा थांबले. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी गेलो नाही."

हलगी वाजता वाजता थांबली.

"आमचं विमान चुकलं. आम्ही इतके दिवस राधानगरीला भाताच्या गिरणीत होतो. परत यायची लाज वाटली म्हणून राहिलो. पाळक मी आहे, तेव्हा ती लाज माझी. या कॅनमध्ये राधानगरीच्या धरणाचं पाणी आहे. तुम्ही घरदार सोडून आमच्यासाठी मांडव घातलात. मला माफ करा."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे आपल्या नळाला येतंय तेच की!" पण कुणी हसलं नाही. शालूबाई ताठ उभ्या होत्या आणि जावांच्या खिडकीकडं बघत नव्हत्या. महादेवींनी पदर तोंडाला लावला. सयाजी शशिधररावांकडं वळला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "आण्णा, फोनवर मला पोचतोय म्हनलासा की."

शशिधररावांनी तोंड उघडलं.  "पासपोर्ट मी विसरलो," एवढं कसंबसं निघालं. "साहेबांचा काही दोष नाही. सगळं माझं." बस्स, संपलं, त्यांनी मनाशी म्हटलं. उद्या पाटी उतरवायची.

तेवढ्यात विठाबाई उठली. काठी टेकत टेबलापाशी आली आणि बाटलीचं बूच काढून ती शशिधररावांच्या पुढं धरली.

"आई," सयाजी म्हणाला, "आयकलंस न्हवं? ते पवित्र नदीचं न्हाय."

"गप ए," विठाबाई म्हणाली. माईक सयाजीच्या हातात तसाच चालू होता, त्यामुळं म्हातारीचं बोलणं तालमीपर्यंत ऐकू गेलं. "तुझा बा काशीला गेलता. सगळ्या पेठेनं मावंदं जेवलं. त्यानं आनलेला गंगेचा गडू देवघरात ठेवून तीस वर्षं पुजला मी. मरायला टेकला तवा त्याच्या तोंडात घालाय गेलो, तर ओठ मिटून घेतलं आन् म्हनतोय कसा, 'ते नगं. ते मिरजंच्या टेसनावरल्या नळाचं हाय. मी काशीला गेलोच न्हवतो.'"

सयाजीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मांडवात त्या वेळचं मावंदं जेवलेली म्हातारी माणसं बसली होती. त्यांनी एकमेकांकडं बघितलं. 

"मरताना सांगितलं त्यानं," विठाबाई म्हणाली. "ह्या बाबानं जित्तेपनी, मांडवात हुबा ऱ्हाऊन सांगितलं. असल्या मानसाच्या हातचं पानी मला चालतंय." तिनं पाळकसाहेबांकडं बघून मान हलवली आणि बाटली आणखी पुढं केली.

शशिधररावांनी कॅन उचलला. म्हातारीच्या मागं एक बाई येऊन उभी राहिली, तिच्या मागं आणखी दोघं.

"ओता हुक्केरी," विठाबाई म्हणाली. "आन् जरा बेतानं, मागं लई बाटल्या हाईत."